‘मानवी चूक’ म्हणून फाईल बंद करू नका

नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. धडगाव-मोलगीच्या डोंगरात राहणाऱ्या बहुतेकांनी विमान पाहिले ते डोक्यावरून जातानाच. पण १२ जून २०२५ रोजी शेजारच्या गुजरातेत, अहमदाबादला एअर इंडियाचे विमान उड्डाण घेताच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले, त्या दिवशी इथल्या चहाच्या टपरीवरही दुसरा विषय नव्हता. विमानातले २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले. महिनाभराने प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा चालू-बंद करणारे खटके एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ स्थितीत गेले होते. ‘इंधन का तोडलेस?’ असे एका वैमानिकाने विचारले आणि ‘मी तोडले नाही,’ असे दुसऱ्याने सांगितले, एवढे त्यात होते. असे का झाले, हे त्या अहवालाने सांगितलेले नव्हते. तरीही मोबाइलच्या पडद्यावर त्याच संध्याकाळी निकाल लागून गेला : पायलटची चूक.

प्राथमिक अहवाल म्हणजे निष्कर्ष नव्हे, हा पहिला मुद्दा. दुसरा त्याहून महत्त्वाचा. उद्या एखाद्या अपघातात माणसाची चूक खरोखरच सिद्ध झाली, तरी त्याने सगळे समजले असे होत नाही. जगभरातल्या विमान अपघातांत माणसाच्या चुकीचा वाटा मोठा आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाबद्दल. ती चूक त्या माणसाकडून त्या क्षणी का झाली, आणि झाल्यावर ती अडवायला कोणीच कसे नव्हते? विमानवाहतूक सुरक्षित झाली ती हा प्रश्न विचारायला शिकल्यामुळे. रस्ता आणि रुग्णालय या दोन ठिकाणी तो अजून पुरेसा विचारला जात नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्याला त्याची गरज सगळ्यात जास्त आहे.

बीड रस्त्यावरचा कापसाचा ट्रक

महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्यावे. २६ एप्रिल १९९३, भर दुपार. औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोईंग ७३७ धावपट्टीच्या टोकापर्यंत धावले, तरी पुरेसे वर उचलले गेले नव्हते. टोकापलीकडून बीडचा रस्ता जातो. त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाची डावी चाके आणि डावे इंजिन ट्रकला धडकले. पुढे विमान विजेच्या उच्चदाब तारांत अडकून कोसळले. ११८ पैकी ५५ जण मरण पावले.

चौकशीत वैमानिकांची चूक निघाली. विमानाचे नाक उचलायला त्यांनी उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. पण चौकशी तिथे थांबली नाही. उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची जबाबदारी विमानतळ प्राधिकरणाची होती आणि तिने ती पार पाडली नाही, हेही त्याच निष्कर्षात नोंदवले गेले.

आता नुसती ‘पायलटची चूक’ म्हणून ही फाईल बंद केली असती तर काय झाले असते? दोन वैमानिकांवर कारवाई झाली असती आणि रस्त्यावरून ट्रक तसेच जात राहिले असते. एप्रिलच्या उन्हात हवा विरळ होते, विमानाला मिळणारा उठाव कमी होतो, त्यामुळे भरलेल्या विमानाला जास्त धाव लागते. हे सगळे त्या दिवशी होते तसे पुढच्या उन्हाळ्यातही असणारच. बदलता येण्यासारखी एक सोपी गोष्ट होती : विमान उडताना रस्ता बंद ठेवणे.

मानवी चुकांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी यासाठी भोके असलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा दिली. आपल्याकडे एकामागे एक धरलेल्या चाळण्या म्हणता येतील. प्रशिक्षण ही एक चाळणी, यंत्राची रचना दुसरी, नियम तिसरी, देखरेख चौथी. प्रत्येकीला भोके असतातच. एरवी एकीतून निसटलेली चूक दुसरीत अडकते. सगळ्यांची भोके एका रेषेत आली की अपघात होतो. शेवटच्या चाळणीपाशी उभा असलेला माणूस तेवढा सर्वांना दिसतो.

कान, झोप आणि साखर

माणसाचे शरीर जमिनीवर चालण्यासाठी घडले आहे, काळोखात तीनशे किलोमीटर वेगाने वळण्यासाठी नाही. १ जानेवारी १९७८च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जम्बो जेट उड्डाणानंतर १०१ सेकंदांत वांद्र्याजवळ समुद्रात पडले. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडले होते. विमान सरळ असताना ते उजवीकडे कलल्याचे दाखवत होते. कॅप्टनने ते खरे मानून विमान डावीकडे वळवले आणि ते डावीकडे कलत गेले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज कुठेच नाही. सहवैमानिकासमोरचे आणि मधले तिसरे उपकरण खरी स्थिती दाखवत होते, पण तिन्हींची तुलना करून निर्णय घेण्याएवढा वेळ हातात उरला नाही.

यात शरीराचाही भाग असतो. तोल सांभाळण्यासाठी आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. वळण हळूहळू सुरू झाले, तर त्या द्रवाला ते कळतच नाही. डोळ्यांना आधार मिळाला नाही की मेंदू बिनधास्त चुकीचे उत्तर देतो, आणि ते उत्तर खात्रीने देतो. हा वैमानिकाचा बेजबाबदारपणा नसतो, ती मानवी शरीराची मर्यादा असते. म्हणूनच शरीराला काय वाटते यापेक्षा सगळी उपकरणे एकमेकांशी ताडून पाहावीत, हे वैमानिकांकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतले जाते.

झोपेचेही तसेच. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पहाटे मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे निसटून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण गेले. उपलब्ध ध्वनिमुद्रणात पहिली सुमारे एक तास चाळीस मिनिटे कॅप्टन झोपलेला होता, असे चौकशीत आढळले. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदू अर्धवट झोपेतच असतो. हात चालतात, डोळे उघडे असतात, पण निर्णय मंद आणि हट्टी होतात. विमान गरजेपेक्षा फार उंच आणि वेगात येत असतानाही ते उतरवण्याचा प्रयत्न सोडला गेला नाही, यामागे ही झोपेची गुंगी असावी, असे चौकशीने म्हटले.

जागरणाचे मोजमाप विज्ञानाने केले आहे. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, असे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. थेंबभरही न घेतलेला, पण पहाटेपासून रात्रीपर्यंत जागा असलेला चालक त्या मर्यादेच्या वर गेल्यासारखा वागू शकतो. फरक इतकाच, की पोलिसांच्या यंत्रात फुंकर मारून जागरण सापडत नाही.

तिसरे उदाहरण कोळिकोडचे. ७ ऑगस्ट २०२० रोजी मुसळधार पावसात उतरणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीवरून घसरून खाली कोसळले, दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. विमान अस्थिर असताना उतरवण्याचा निर्णय आणि धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकणे, हे संभाव्य कारण ठरले. पण अहवालाने आणखी बरेच तपासले. पावसात काचेवरचा वायपर नीट चालला नव्हता. त्याच कॅप्टनला दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहूनच पुढचे उड्डाण करायचे होते आणि तिथे कॅप्टनची टंचाई होती, त्यामुळे दुसऱ्या विमानतळावर जाणे म्हणजे वेळापत्रक कोलमडणे. शिवाय कॅप्टन मधुमेहाची काही औषधे वैद्यकीय नोंदीबाहेर घेत होता. त्यामुळे रक्तातली साखर किंचित उतरून निर्णयशक्तीवर सूक्ष्म परिणाम झाला असण्याची शक्यता अहवालात नोंदवलेली आहे.

हा तपशील प्रत्येक चालकाने वाचावा असा आहे. साखर थोडी उतरली की चक्कर येतेच असे नाही. कित्येकदा माणूस फक्त किंचित चुकू लागतो, आणि आपण चुकतो आहोत हे त्याला कळत नाही. दुकानातून आपल्या मनाने घेतलेली मधुमेहाची गोळी, चुकलेले जेवण आणि रात्रीचे ड्रायव्हिंग हे त्रिकूट ट्रकमध्येही तितकेच घातक आहे. औषध कोणते आणि आपण गाडी चालवतो, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगितल्याच पाहिजेत.

बोलावे कोणी?

मंगळूरच्या विमानात सहवैमानिक गप्प नव्हता. विमान पुन्हा वर न्यावे, असे त्याने तीनदा सांगितले. ते ऐकले गेले नाही आणि त्यानेही नियंत्रण आपल्या हाती घेतले नाही. कोळिकोडलाही सहवैमानिकाचे सांगणे पुरेसे ठाम नव्हते आणि त्याने ताबा घेतला नाही, असे अहवाल म्हणतो. ज्येष्ठाचा शब्द मोडायचा नाही, हा घरात गुण ठरणारा संस्कार कॉकपिटमध्ये जीवघेणा ठरू शकतो.

जगाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण ठार झाले. नियंत्रण कक्षाची परवानगी नसताना अनुभवी कॅप्टनने विमान पळवायला सुरुवात केली होती. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले का, अशी शंका त्याच्याच फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती, ती झटकली गेली. त्यानंतरच्या काही वर्षांत वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवा विषय आला. कनिष्ठाने धोका स्पष्ट शब्दांत सांगायचा, ज्येष्ठाने तो ऐकून घ्यायचा, आणि ऐकला गेला नाही तर कनिष्ठाने पुढे काय करायचे, हे सराव करून शिकायचे. धीटपणा हा स्वभाव आहे असे न मानता त्याचे प्रशिक्षण दिले गेले.

चूक होणार, हे धरून चालणे

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने जमिनीवर सुखरूप टेकल्यानंतर अचानक पोटावर बसत. वैमानिक पंखांच्या झडपा मिटायला जात आणि हात चाकांच्या खटक्यावर पडे. अल्फोन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि हुबेहूब सारखे आहेत. त्याने एका खटक्यावर रबरी चाकाचा आणि दुसऱ्यावर झडपेच्या आकाराचा तुकडा लावला. बोटांना फरक कळू लागला आणि ती चूक थांबली. वैमानिकांना ‘लक्ष द्या’ असे सांगण्याने हे साधले नव्हते.

तपासणी यादीचा, म्हणजे चेकलिस्टचा जन्मही अपघातातूनच झाला. १९३५ मध्ये अमेरिकेत बोईंगचे एक नवे मोठे विमान चाचणीच्या वेळी कोसळले, कारण उभ्या विमानाच्या शेपटीचे नियंत्रण अडकवून ठेवणारी कडी काढायची राहिली होती. चालवणारा वैमानिक निष्णात होता. अशा कामांसाठी स्मरणशक्तीवर विसंबायचे नाही, हा धडा त्यातून निघाला.

हाच धडा पुढे शस्त्रक्रियागृहात गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकपानी तपासणी यादी दिली. रुग्ण हाच ना, जागा हीच ना, प्रतिजैविक दिले का, कापसाचे बोळे मोजले का, असे साधे प्रश्न आणि सगळ्यांनी मोठ्याने द्यायची उत्तरे. दिल्लीच्या एका रुग्णालयासह आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. यंत्र नवे नव्हते, डॉक्टरही तेच होते.

घाटातल्या वळणावर

आता नंदुरबारकडे. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैली घाटात उलटून अनेकांचे जीव गेले. अशा अपघाताची बातमी जवळजवळ ठरलेल्या वाक्याने लिहिली जाते : ‘वळणावर चालकाचे नियंत्रण सुटल्याने’. गुन्हा चालकावर नोंदला जातो. मदत जाहीर होते. पुढच्या यात्रेला तशीच गाडी त्याच वळणावर येते.

विमान अपघाताची चौकशी करणारे पथक इथे आले असते, तर त्याने काय विचारले असते? मालवाहू गाडीत माणसे का बसली? त्या वेळी त्या मार्गावर एसटी होती का? गाडीत किती जण होते, आणि इतके भरलेले पाहून वाटेत कोणी हटकले का? चालक किती तास जागा होता? उतारावर ब्रेक तापले होते का, गाडी कोणत्या गिअरमध्ये होती? त्या वळणावर कठडा होता का? मोबाइलला रेंज मिळेपर्यंत किती मिनिटे गेली, १०८ पोहोचायला किती? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर म्हणजे एकेक चाळणी आहे, आणि त्यांतली बहुतेक भोके बुजवणे चालकाच्या हातात नाही. उसतोडीला आणि मजुरीला परजिल्ह्यांत, गुजरातेत जाणारी कुटुंबे दरवर्षी अशाच खच्चून भरलेल्या गाड्यांतून जातात. त्यांच्यापुढे दुसरी सोय नसते, हे अपघाताच्या कारणांत कुठेच लिहिले जात नाही.

शेवटची चाळणी कधी अगदी अनपेक्षित हातांची असते. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण केंद्राचे छोटे विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळले. प्रशिक्षक गेले, शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. पोहोचले ते आधी पाड्यांवरचे आदिवासी. एका बाईने आपले लुगडे दिले, त्याची झोळी करून जखमी मुलीला डोंगरातून खाली आणण्यात आले. धडगाव-अक्कलकुव्यात रुग्णाला बांबूच्या झोळीतून आणण्याची जी सवय नाइलाजाने लागली आहे, तीच तिथे कामी आली. त्या माणुसकीला नमस्कारच करावा. पण झोळी ही जिल्ह्याची कायमची आपत्कालीन व्यवस्था असू नये.

आरोग्य खात्याकडे या पद्धतीचा एक नमुना आधीपासून आहे. माता मृत्यू अन्वेषणात बाई कोणाच्या चुकीने गेली एवढेच विचारत नाहीत. उशीर कुठे झाला ते शोधतात : दवाखान्यात जायचे ठरवायला, तिथे पोहोचायला, की पोहोचल्यावर उपचार मिळायला. हीच पद्धत घाटातल्या प्रत्येक प्राणघातक अपघाताला लावावी. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने पोलिसांच्या गुन्ह्याच्या तपासापासून वेगळी, कारणे शोधणारी छोटी चौकशी करावी. त्यात आरटीओ, बांधकाम खाते, एसटी, १०८ सेवा आणि त्या गावचा एक माणूस असावा. निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, शक्य तिथे पावरी-भिलीतून सांगितले जावेत. आणि वर्षाने पुन्हा पाहावे : जे सुचवले, ते झाले का?

रुग्णालयांतही तेच. सलग ड्युटी करून पहाटे तीन वाजता एकटी सिस्टर दोन सारख्या दिसणाऱ्या कुप्यांतून एक उचलते. ती चुकली तर तिला निलंबित करणे सोपे आहे. कुप्या वेगळ्या कप्प्यांत ठेवणे, दोघींनी तपासूनच इंजेक्शन देणे आणि रात्रीला दुसरी सिस्टर नेमणे याला पैसा आणि चिकाटी लागते. ‘डॉक्टर, हा डोस जास्त वाटतो’ असे तिला निर्धास्त म्हणता आले पाहिजे. आशा ताईलाही.

मग दोषी सुटणार का?

असा आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. दारू पिऊन गाडी चालवणारा, नियम ठाऊक असून पैशांसाठी पिकअपमध्ये चाळीस माणसे कोंबणारा, बनावट परवाना वापरणारा यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण हेतुपुरस्सर मोडलेला नियम आणि थकलेल्या मेंदूची चूक यांत फरक आहे. दोघांना एकाच दोरीला बांधले, की थकलेला माणूस चूक लपवू लागतो, आणि लपवलेली चूक पुढच्या माणसाचा जीव घेते. म्हणून विमान अपघाताच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे, की तिचा उद्देश पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नाही. भारतात त्यासाठी २०१२ पासून स्वतंत्र अन्वेषण विभाग आहे. शिक्षेचे काम न्यायालयाचे. ते वेगळे चालते.

विमानवाहतूक सगळे शिकून मोकळी झाली आहे, असेही नाही. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या कामाला लगाम घालणारे नियम २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या नियमांप्रमाणे पुरेसे वैमानिक नेमलेले नव्हते. प्रवासी अडकले, संतापले, आणि काही नियमांतून तात्पुरती सूट दिली गेली. झोप हा सुरक्षेचा भाग आहे हे सर्वांना मान्य असते, वेळापत्रक विस्कटेपर्यंत.

प्रवाशांचाही यात वाटा आहे. ‘लवकर ने’ म्हणून ड्रायव्हरला टोचणारे, गाडी भरली असताना ‘सरका जरा’ म्हणत चढणारे, त्याच्या डोळ्यांवरची झोप दिसूनही गप्प बसणारे असे आपण सगळेच त्या चाळण्यांतली एक चाळणी असतो. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून ‘दादा, अर्धा तास पडा, मग निघू’ एवढे म्हणायला ना विमानशास्त्र लागते, ना सरकारी आदेश.